अमेरिकेतील न जुळलेले डॉक्टर

दरवर्षी मार्च महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत ‘मॅच डे’ साजरा होतो. सभागृहात विद्यार्थी, त्यांचे आई-वडील आणि प्राध्यापक जमतात, ठरलेल्या वेळी लिफाफे फोडले जातात आणि पुढील काही वर्षे कोणत्या शहरातील कोणत्या रुग्णालयात काढायची हे प्रत्येकाला समजते. वृत्तपत्रांतून छायाचित्रे येतात ती याच दिवसाची. त्याच आठवड्यातील सोमवारची छायाचित्रे मात्र कोणी छापत नाही. सोमवारी सकाळी प्रत्येक उमेदवाराला एक ई-मेल आलेला असतो. त्यात एवढेच असते की, तुमची जुळणी झाली आहे, अथवा झालेली नाही. ज्यांची झालेली नाही ते शुक्रवारच्या सभागृहात सहसा दिसत नाहीत.

२०२५ साली या प्रक्रियेत ५२ हजारांहून अधिक जणांनी नोंदणी केली. जागा होत्या सुमारे ४३ हजार. नोंदणी करणाऱ्यांपैकी काही जण पुढे पसंतीक्रमच देत नाहीत, हे लक्षात घेतले तरी हजारो डॉक्टर दरवर्षी जागेविना उरतात. विशेष म्हणजे हे घडते त्याच देशात डॉक्टरांचा तुटवडा हा दीर्घकाळ चर्चेचा विषय आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२४ मध्ये वर्तविलेल्या अंदाजानुसार २०३६ पर्यंत अमेरिकेला १३,५०० ते ८६,००० डॉक्टर कमी पडतील. प्राथमिक वैद्यकीय सेवेची टंचाई असलेले भाग म्हणून सरकारने जे प्रदेश जाहीर केले आहेत, त्यांत सात कोटींहून अधिक लोक राहतात. एकीकडे डॉक्टरविना रुग्ण आणि दुसरीकडे कामाविना डॉक्टर, असा हा पेच आहे.

मराठी वाचकाला हा पेच समजण्यात एक अडचण येते. आपल्याकडे एम.बी.बी.एस. झालेला विद्यार्थी वर्षभराची इंटर्नशिप संपवून मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करतो आणि मनात आले तर दुसऱ्या दिवशी दवाखान्याची पाटी लावू शकतो. पदव्युत्तर प्रवेश मिळाला नाही तर तो निराश होईल, पण डॉक्टर म्हणून त्याचे काम थांबत नाही. अमेरिकेत तसे नाही. तेथे महाविद्यालयाची चार आणि वैद्यकशास्त्राची चार अशी आठ वर्षे घालवून एम.डी. ही पदवी हाती पडते, तरी केवळ तिच्या बळावर कोणालाही औषधाची चिठ्ठी लिहून देता येत नाही. त्यासाठी राज्याचा परवाना लागतो आणि परवान्यासाठी ‘रेसिडेन्सी’, म्हणजे मान्यताप्राप्त रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून घेतलेले प्रशिक्षण. अमेरिकेत शिकलेल्याला बहुतेक राज्यांत यातले किमान एक वर्ष पुरते. परदेशात शिकलेल्याला बहुतेक ठिकाणी दोन ते तीन वर्षे लागतात. विशेषज्ञ म्हणून मान्यता हवी असेल तर पूर्ण अभ्यासक्रम करावा लागतो. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन किंवा बालरोग यांना तीन वर्षे, जनरल सर्जरीला पाच आणि न्यूरोसर्जरीला सात. रेसिडेन्सी नाही तर परवाना नाही आणि परवाना नाही तर पदवी म्हणजे भिंतीवर टांगायची चौकट. तिच्यासाठी काढलेले कर्ज मात्र फेडावेच लागते. कर्ज घेऊन शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्याच्या डोक्यावर पदवीच्या वेळी साधारण दोन लाख डॉलरचा बोजा असतो.

गंमत अशी की, ज्या ‘मॅच’मध्ये आज उमेदवार जागेसाठी झुरतात, ती पद्धत जन्माला आली तेव्हा परिस्थिती नेमकी उलटी होती. १९४० च्या दशकात अमेरिकेत पदवीधर कमी आणि रुग्णालयांतील इंटर्नशिपच्या जागा जास्त होत्या. चांगला विद्यार्थी दुसरीकडे जाऊ नये म्हणून रुग्णालये त्याला पदवीच्या दोन-दोन वर्षे आधीच बांधून घेऊ लागली. तेव्हा महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांची माहिती ठरावीक तारखेपूर्वी बाहेर द्यायची नाही, असे ठरविले. मग स्पर्धा उत्तराच्या मुदतीवर आली. आधी विचार करायला दहा दिवस मिळत. काही वर्षांतच ही मुदत तासांवर आली. तार यायची आणि मागोमाग दूरध्वनी यायचा, की हो किंवा नाही ते आत्ताच सांगा. या गोंधळाला कंटाळून १९५२ पासून मध्यवर्ती जुळणीची पद्धत सुरू झाली. विद्यार्थ्याने आपल्या पसंतीची रुग्णालये क्रमाने लिहायची, रुग्णालयांनी आपल्या पसंतीचे विद्यार्थी क्रमाने लिहायचे आणि दोन्ही याद्या एकत्र करून जोड्या लावायच्या. त्या मान्य करणे दोघांनाही बंधनकारक असते.

ही जुळणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. समजा, एका विद्यार्थिनीने बॉस्टनचे एक रुग्णालय पहिले आणि शिकागोचे दुसरे लिहिले. यंत्र तिला प्रथम बॉस्टनच्या रांगेत उभे करते. तेथे जागा असेल तर ती तिला तात्पुरती मिळते. पुढे बॉस्टनला तिच्याहून अधिक पसंत असलेला कोणी आला आणि जागा भरलेल्या असल्या, तर तिचे नाव तेथून सुटते व ती शिकागोच्या रांगेत जाते. सर्वांची नावे अशी फिरून स्थिरावली की मगच निकाल पक्का होतो. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये अशा जुळणीचा सिद्धान्त स्वतंत्रपणे मांडला. डॉक्टर मंडळींनी तीच युक्ती दहा वर्षे आधी व्यवहारात आणली होती, हे ऑल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये दाखवून दिले. पुढे १९९० च्या दशकात रॉथ यांनीच सहकाऱ्यासह या पद्धतीची फेरआखणी केली आणि १९९८ च्या जुळणीपासून पारडे रुग्णालयांऐवजी उमेदवारांकडे झुकविले. नवरा-बायको दोघेही डॉक्टर असतील तर त्यांना एकाच गावात जागा मिळावी, याचीही सोय तीत आहे. रॉथ आणि शॅपली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पद्धत अशी चोख असली तरी ती जागा फक्त वाटू शकते. दहा खुर्च्यांवर बारा जण बसविण्याचे गणित तिच्याकडे नाही.

खुर्च्या किती असाव्यात, हा प्रश्न गणिताकडून राजकारणाकडे जातो. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च ‘मेडिकेअर’ ही वृद्धांसाठी असलेली सरकारी विमा योजना उचलते. १९६५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा समाजाने या शिक्षणाच्या खर्चाची दुसरी काही व्यवस्था करेपर्यंत तो मेडिकेअरने सोसावा, अशी कल्पना होती. ती दुसरी व्यवस्था काही झाली नाही. आज मेडिकेअर त्यासाठी वर्षाला दीड हजार कोटी डॉलरहून अधिक रक्कम रुग्णालयांना देते. त्यात निवासी डॉक्टरांचे वेतन व शिक्षकांचा खर्च यांचा वाटा येतो, शिवाय अध्यापन करणाऱ्या रुग्णालयाला उपचार महाग पडतात म्हणून त्याची वेगळी भरपाईही येते.

त्या काळातील तज्ज्ञांना भीती होती ती तुटवड्याची नव्हे, सुकाळाची. १९८० मध्ये एका सरकारी समितीने इशारा दिला होता की, १९९० पर्यंत देशात ७० हजार डॉक्टर जास्त होतील. १९९० च्या दशकात ही समजूत आणखी दृढ झाली. डॉक्टर जास्त झाले की तपासण्या आणि शस्त्रक्रियाही जास्त होतात व खर्च फुगतो, असा तर्क होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. १९९७ मध्ये तर न्यू यॉर्क राज्यातील ४१ रुग्णालयांना निवासी डॉक्टर कमी करण्यासाठी सहा वर्षांत मिळून सुमारे ४० कोटी डॉलर देण्याची योजना सरकारने आखली. पीक काढू नये म्हणून शेतकऱ्याला पैसे देण्याची चाल अमेरिकेत जुनी आहे. तीच येथे डॉक्टरांना लागू झाली. त्याच वर्षी संतुलित अर्थसंकल्पाचा कायदा झाला. १९९६ मध्ये ज्या रुग्णालयात जितके निवासी डॉक्टर होते, साधारण तितक्यांपुरतेच पैसे मेडिकेअर यापुढे देईल, अशी मर्यादा त्याने घातली. देशातील प्रमुख वैद्यकीय संघटनांनी तेव्हा या विचाराला विरोध केला नाही, उलट पाठबळच दिले.

पुढच्या दहा वर्षांत वारे फिरले. लोकसंख्या वाढली, वयोमान वाढले, मोठ्या संख्येने डॉक्टरही निवृत्तीला आले. सुकाळाचे भाकीत करणाऱ्या सल्लागार मंडळाने २००५ मध्ये तुटवड्याचे भाकीत केले. २००६ मध्ये महाविद्यालयांच्या संघटनेने २०१५ पर्यंत प्रवेशसंख्या ३० टक्क्यांनी वाढविण्याचे आवाहन केले आणि उशिरा का होईना, ते लक्ष्य गाठलेही गेले. नवी महाविद्यालये निघाली, जुन्यांनी तुकड्या वाढविल्या. नळ मोठा केला, पण पुढचा पाइप होता तेवढाच राहिला.

येथे एक दुरुस्ती करणे न्यायाचे ठरेल. १९९७ पासून जागा एकही वाढली नाही असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. मर्यादा मेडिकेअरच्या पैशावर आहे. स्वतःच्या खिशातून जागा वाढविण्यास रुग्णालयांना मनाई नाही. अनेक मोठ्या रुग्णालयांनी तसे केले, कारण निवासी डॉक्टर आठवड्याला ८० तासांपर्यंत राबतो आणि त्याच्या कामाचे मोल त्याच्या वेतनाहून बरेच अधिक असते. यापूर्वी कधी रेसिडेन्सी न चालविलेल्या रुग्णालयाने ती सुरू केली तर त्यालाही नवी मर्यादा बांधून मिळते. त्यामुळे जागा वाढत गेल्या आहेत. अन्याय झाला तो लहान गावांवर. १९९६ मध्ये शहरातील एखाद-दुसरा निवासी डॉक्टर काही आठवड्यांसाठी ज्या ग्रामीण रुग्णालयात येऊन गेला, त्या रुग्णालयाची मर्यादा तेवढ्यावरच गोठली. अशी कोणतीही मर्यादा आपल्यावर बसली आहे, हे कित्येक रुग्णालयांना फार उशिरा कळले. जागा ईशान्येकडील जुन्या शहरांत एकवटलेल्या राहिल्या. प्रशिक्षण संपविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक डॉक्टर ज्या राज्यात शिकले त्याच राज्यात व्यवसाय करतात. त्यामुळे जेथे जागा नाही तेथे डॉक्टर नाही, हे चक्र चालू राहते.

या जागांचे मोल किती, याचा प्रत्यय २०१९ मध्ये फिलाडेल्फियात आला. तेथील हानेमन हे जुने अध्यापन रुग्णालय दिवाळखोरीत निघून बंद पडले आणि साडेपाचशेहून अधिक निवासी डॉक्टर व फेलो एका उन्हाळ्यात रस्त्यावर आले. रुग्णालयाच्या मालमत्तेत इमारत आणि यंत्रे जशी होती तशा या जागाही धरल्या गेल्या आणि त्या चक्क लिलावात निघाल्या. त्या भागातील रुग्णालयांच्या एका गटाने साडेपाच कोटी डॉलरची बोली लावली. सरकारने आक्षेप घेतला आणि पुढे तो व्यवहार बारगळला. शिकाऊ डॉक्टर मात्र मिळेल त्या रुग्णालयात पांगले.

जागेविना राहतात ते कोण? २०२५ च्या आकड्यांत अमेरिकेतील एम.डी. महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली. ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. परदेशात शिकून आलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी सुमारे ६८ टक्के, तर परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८ टक्के जुळले. पहिल्या वर्गातील अपयशी बहुधा अवाजवी पसंतीमुळे अडकतात. अस्थिरोग किंवा त्वचारोग अशा चढाओढीच्या शाखांचीच नावे लिहितात आणि हुकतात. दुसऱ्या वर्गात कॅरिबियन बेटांवरील खासगी महाविद्यालयांत भरमसाट शुल्क भरून आलेले अनेक जण असतात. तिसऱ्या वर्गात भारतीय मोठ्या संख्येने आहेत.

एकदा हुकलेल्याची अवस्था पुढच्या वर्षी अधिक बिकट होते. अनेक रुग्णालये अर्ज चाळताना पदवीला किती वर्षे झाली हे आधी पाहतात आणि पाचाहून अधिक झाली असतील तर पुढचे पानही उलटत नाहीत. पूर्वी यू.एस.एम.एल.ई.च्या पहिल्या टप्प्यातील चढ्या गुणांच्या बळावर परदेशी उमेदवार नजरेत भरत असे. जानेवारी २०२२ पासून त्या परीक्षेत केवळ उत्तीर्ण अथवा अनुत्तीर्ण एवढेच कळते आणि तो आधारही गेला. परदेशी उमेदवार शंभराहून अधिक ठिकाणी अर्ज करतात, प्रत्येक अर्जाचे शुल्क भरतात आणि मुलाखतीची वाट पाहतात. दरम्यानच्या काळात कोणी प्रयोगशाळेत बिनपगारी संशोधन साहाय्यक होतो, कोणी सार्वजनिक आरोग्याची आणखी एक पदवी घेतो. अमेरिकेतील मराठी वर्तुळांत हे चित्र अनोळखी नाही. संगणक अभियंता असलेल्या पतीबरोबर गेलेली, येथे एम.डी. होऊन चार वर्षे प्रॅक्टिस केलेली डॉक्टर तेथे पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहते आणि घरसंसार सांभाळून परीक्षा देते. तिचे येथील पदव्युत्तर शिक्षण त्या दारात जवळपास शून्य धरले जाते.

तथापि, जागा वाढवा म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. २०२३ मध्ये तातडीच्या उपचारांच्या शाखेत साडेपाचशेहून अधिक जागा पहिल्या फेरीत रिकाम्या राहिल्या. २०२५ मध्ये फॅमिली मेडिसिनच्या आठशेच्या आसपास जागांना उमेदवार जुळला नाही. देशाला ज्या डॉक्टरांची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याच जागा अमेरिकी पदवीधर नाकारतात. कारण उघड आहे: कर्ज सर्वांच्या डोक्यावर सारखेच, पण गावातल्या फॅमिली डॉक्टरची मिळकत शहरातल्या विशेषज्ञापेक्षा कितीतरी कमी. या रिकाम्या जागा सोमवार ते गुरुवारच्या पुरवणी फेरीत भरल्या जातात. न जुळलेल्याने जास्तीत जास्त ४५ ठिकाणी अर्ज करायचा, स्वतःहून कोणाला दूरध्वनी करायचा नाही आणि बोलावणे आले तर दोन तासांत उत्तर द्यायचे. १९४९ मधल्या तारेची आठवण व्हावी असा हा प्रकार. त्यातून बहुतेक जागा भरतात. उमेदवार तरीही उरतात.

उरलेल्यांसाठी काही राज्यांनी वेगळ्या वाटा शोधल्या. मिसुरी राज्याने २०१४ मध्ये कायदा करून रेसिडेन्सी न मिळालेल्या पदवीधरांना ‘असिस्टंट फिजिशियन’ म्हणून, अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि टंचाईच्या भागात, काम करण्याची मुभा दिली. प्रत्यक्ष परवाने २०१७ पासून मिळू लागले. अन्य काही राज्यांनीही तिचा कित्ता गिरविला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मात्र या वाटेला विरोध केला. अपुरे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर गरिबांच्या वाट्याला का, हा तिचा सवाल होता. तो गैर म्हणता येणार नाही. पण निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे रुग्ण तपासून औषधे लिहितात आणि त्यांचे प्रशिक्षण पदवीधर डॉक्टरपेक्षा कमी काळाचे असते, हेही तितकेच खरे. २०२० मध्ये कोविडची लाट आली तेव्हा न्यू जर्सीने परदेशात परवाना असलेल्या अनुभवी डॉक्टरांना तात्पुरता परवाना देऊ केला होता. संकटात चालते ते एरवी का चालू नये, हा प्रश्न तेव्हापासून मागे राहिला. टेनेसीने २०२३ मध्ये कायदा करून आपल्या देशात पदव्युत्तर प्रशिक्षण किंवा पुरेसा अनुभव असलेल्या परदेशी डॉक्टरांना अमेरिकी रेसिडेन्सीविना तात्पुरत्या परवान्याची वाट खुली केली व इतर काही राज्ये तिच्या मागोमाग गेली. नुकताच एम.बी.बी.एस. झालेल्या आणि मॅचमध्ये हुकलेल्या उमेदवाराला या कायद्यांचा उपयोग नाही.

केंद्रीय पातळीवर हालचाल संथ आहे. १९९७ च्या मर्यादेनंतरची पहिली मोठी वाढ २०२० च्या डिसेंबरात मंजूर झाली. मेडिकेअरच्या खर्चाने १,००० नव्या जागा, वर्षाला २०० याप्रमाणे, ग्रामीण आणि टंचाईच्या भागांना झुकते माप देऊन. दोन वर्षांनी आणखी २०० जागा मंजूर झाल्या व त्यांतील निम्म्या मनोविकार शाखेसाठी राखल्या गेल्या. सात वर्षांत १४,००० जागा वाढविण्याचे विधेयक दोन्ही पक्षांच्या सदस्यांच्या पाठिंब्याने वारंवार मांडले गेले, पण २०२५ पर्यंत ते मंजूर झाले नव्हते.

तोपर्यंत टंचाईच्या भागांची भिस्त परदेशी डॉक्टरांवर आहे. अमेरिकेत व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांपैकी जवळपास एक चतुर्थांश परदेशांत शिकलेले आहेत आणि त्यांत भारताचा क्रमांक पहिला लागतो. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून तिकडे गेलेल्या पिढ्या याच वाटेने गेल्या. रेसिडेन्सीसाठी जाणारे बहुतेक जण जे-१ व्हिसावर जातात. त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून एक पत्र आणावे लागते. भारताला या शाखेच्या तज्ज्ञांची गरज आहे आणि शिक्षण संपवून हा डॉक्टर मायदेशी परतेल, असा त्या पत्राचा आशय असतो. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे परतण्याचे हे बंधन माफ करून घेण्याचा मार्ग १९९४ च्या कायद्याने ठेवला आहे. प्रत्येक राज्य दरवर्षी ३० डॉक्टरांसाठी अशी सूट मागू शकते. अट एवढीच की, डॉक्टरने टंचाईच्या भागात तीन वर्षे काम करावे. आपल्याकडील सरकारी महाविद्यालयांच्या बाँडशी याचे साम्य आहे, फरक इतकाच की बाँड लिहून देणारा डॉक्टर भारतीय आणि रुग्ण अमेरिकेचा. कित्येक लहान गावांत लोकांचा पहिला आणि एकमेव हृदयरोगतज्ज्ञ असा आलेला असतो.

हा मार्गही २०२५ मध्ये खडतर झाला. मे महिन्याच्या अखेरीस जे-१ व्हिसाच्या नव्या मुलाखतींची नोंदणी थांबविण्यात आली. ती तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू झाली तेव्हा १ जुलै, म्हणजे बहुतेक रेसिडेन्सी सुरू होण्याचा ठरलेला दिवस, पंधरवड्यावर आला होता. मॅचमध्ये जागा जिंकलेले अनेक परदेशी डॉक्टर व्हिसाच्या रांगेत अडकले आणि त्यांच्या नावे लावलेल्या रात्रपाळ्या भरायच्या कशा, या विवंचनेत रुग्णालये पडली. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. नवख्या निवासी डॉक्टरचे वर्षाचे वेतन या रकमेहून बरेच कमी असते. डॉक्टरांना या शुल्कातून वगळावे, अशी मागणी अमेरिकन मेडिकल असोसिएशन आणि पन्नासहून अधिक वैद्यकीय संघटनांनी त्याच महिन्यात केली. त्याच सप्टेंबरात पुढच्या मॅचसाठीचे अर्जही रुग्णालयांकडे जाऊ लागले होते.